रक्ताची साक्ष

पृथ्वीवर पहिला खून झाला तेव्हा तो पाहणारा दुसरा मनुष्य शेतात नव्हता. देवाने विचारणा केली तेव्हा काइनाने कानावर हात ठेवले. तरी पवित्र शास्त्र सांगते की जमिनीवर सांडलेले हाबेलाचे रक्त देवाकडे दाद मागत होते (उत्पत्ति ४:८-१०). शब्बाथशाळेतील लहान मुलांनाही ही गोष्ट तोंडपाठ असते. आज न्यायालयात निराळ्या तऱ्हेने रक्ताची साक्ष काढण्यात येते. मोटारीखाली सापडून मनुष्य मरतो, आणि मोटार चालविणाऱ्याच्या हातातून थोडे रक्त काढून ते प्रयोगशाळेत पाठविले जाते. त्यात दारू होती काय, गांजा होता काय, अफू होती काय, झोपेचे औषध होते काय, हे रसायनतज्ज्ञ तपासतो. त्याच्या एका कागदावर एका मनुष्याचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून राहते.

हा विषय पोलिसांचा व वकिलांचा आहे, मंडळीच्या मासिकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, साक्ष हा शब्द जेथे आला तेथे नववी आज्ञा आली. आणि शेजाऱ्याचा जीव जेथे आला तेथे सहावी आज्ञा आली. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मरण पावली. म्हणजे दिवसाला सुमारे ४६०. त्या सर्वांच्या मृत्यूस नशाच कारण झाली असे मुळीच नाही. वेग, वाईट रस्ते, थकवा, बेपर्वाई ही कारणेही आहेत. परंतु चाकामागे बसलेल्या मनुष्याची शुद्ध किती शाबूत होती, हा प्रश्न अनेक घरांतून रडत्या डोळ्यांनी विचारला जातो. त्या प्रश्नाला रक्त किती उत्तर देऊ शकते, आणि ते उत्तर न्यायाने कसे वापरावे, याचा आपण ख्रिस्ती मनाने विचार करू.

प्रथम दारूची गोष्ट घेऊ, कारण ती त्यातल्या त्यात सोपी आहे. दारूतील अल्कोहोल शरीरातील पाण्यात सगळीकडे सारखे पसरते, आणि साधारणतः तासाला शंभर मिलिलिटर रक्तामागे सुमारे १५ मिलिग्रॅम ह्या गतीने कमी होत जाते. रक्तातील प्रमाण वाढले की मनुष्याचा तोल, नजर व निर्णय ही त्याच मानाने बिघडतात, हे पुष्कळ प्रयोगांनी ठरलेले आहे. म्हणून नॉर्वे देशाने १९३६ साली रक्तातील दारूची ठराविक मर्यादा कायद्यात घातली, आणि पुढे बहुतेक देश त्या वाटेने गेले. आपल्या देशाच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १८५ प्रमाणे ही मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी आहे.

अंमली पदार्थांची गोष्ट एवढी सरळ नाही. गांजाचेच उदाहरण घ्या. त्यातील नशा आणणाऱ्या द्रव्यास टीएचसी म्हणतात. गांजा ओढल्यावर काही मिनिटांतच ते रक्तात अगदी वर चढते, आणि तासा-दोन तासांत झपाट्याने खाली येते. पण नशा मात्र त्यापुढेही राहते. अपघात झाला, पोलीस आले, जखमींना नेले, मग चालकाला रुग्णालयात आणून रक्त घेतले, यात तीन तास सहज जातात. तोपर्यंत रक्तातील पुरावा पुष्कळसा विरून गेलेला असतो. उलटपक्षी, जो मनुष्य रोज गांजा ओढतो त्याच्या शरीरातील चरबीत हे द्रव्य साठून राहते व हळूहळू रक्तात उतरत असते. त्याने ओढणे सोडल्यावर कित्येक दिवसांनी, तो पूर्ण शुद्धीवर असतानाही, त्याच्या रक्तात ते थोडेसे सापडू शकते. म्हणजे एकच आकडा दोषी मनुष्याला सोडवू शकतो आणि त्या घटकेपुरत्या निर्दोष मनुष्याला अडकवू शकतो.

औषधांचेही तसेच. कर्करोगाच्या वेदनांसाठी महिनोन्‌महिने मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाचे शरीर त्याला सरावलेले असते. तेवढ्याच मात्रेने नवखा मनुष्य गुंगून पडेल. जागे राहण्यासाठी उत्तेजक द्रव्य घेणाऱ्याची गोष्ट तर उलटीच आहे: द्रव्य रक्तातून उतरू लागते तेव्हाच दबून राहिलेली झोप त्याच्यावर कोसळते. आकडा लहान होतो आणि धोका मोठा होतो.

या अडचणीतून निरनिराळ्या देशांनी निरनिराळे मार्ग काढले. स्वीडनने १९९९ साली ठरविले की बंदी असलेले द्रव्य चालकाच्या रक्तात थोडे जरी सापडले तरी तो गुन्हा. मात्र डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितल्याप्रमाणे घेतलेले असेल तर निराळे. नॉर्वेने २०१२ साली वीस द्रव्यांसाठी मर्यादा आखल्या, आणि त्या दारूच्या विशिष्ट प्रमाणाने जेवढी असमर्थता येते तिच्याशी ताडून बसविल्या. इंग्लंड व वेल्समध्ये २ मार्च २०१५ पासून असाच कायदा लागू झाला. तेथे टीएचसीची मर्यादा एक लिटर रक्तात २ मायक्रोग्रॅम, कोकेनची १०, आणि डायझेपाम ह्या झोपेच्या व चिंतेच्या औषधाची ५५० अशी आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आपल्या देशातील दारूची मर्यादा ह्याच मापात सांगायची तर लिटरला ३,००,००० मायक्रोग्रॅम होईल. एवढ्या दोन टोकांमधील वस्तू मोजायच्या, आणि त्यांवरून न्याय करायचा, हे काम किती नाजूक आहे याची यावरून कल्पना यावी.

आपल्या कायद्याने दारूसाठी आकडा दिला, परंतु अंमली पदार्थांसाठी तसा आकडा दिलेला नाही. पदार्थाच्या अंमलामुळे चालक वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ झाला होता काय, असा प्रश्न कलम १८५ विचारते. म्हणून डॉक्टरांनी त्याची चाल, बोलणे, डोळ्यांच्या बाहुल्या, हातांचा थरकाप ही पाहून लिहिलेल्या नोंदीला येथे फार महत्त्व येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ह्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. पहिली शंका पुष्कळ तरुण काढतात: ज्याने अजून कोणाला धक्काही लावला नाही त्याला केवळ रक्तातील द्रव्यावरून शिक्षा का? अपघात केला तर जरूर शिक्षा करा. पण न केलेल्या अपघाताची शिक्षा हा कोणता न्याय?

या शंकेचे उत्तर मोशेच्या नियमशास्त्रात आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा, नाहीतर कोणी वरून पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, असा तेथे नियम आहे (अनुवाद २२:८). कोणी पडेपर्यंत थांबण्याची परवानगी घरधन्याला नाही. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने अचानक कोणाला हुंदडून मारले तर धनी निर्दोष ठरतो. पण बैल मारका आहे हे त्याला अगोदर सांगितलेले असून त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर धनीही दोषी (निर्गम २१:२८-२९). यात देवाने एक मोठे तत्त्व घालून दिले आहे. संकट ठाऊक असताना ते मोकळे सोडणे हेच पाप आहे, मग त्या दिवशी कोणी मेले असो वा नसो. नशा करून चाकामागे बसणारा मनुष्य मारका बैल रस्त्यावर सोडतो. त्या दिवशी कोणी आडवा आला नाही ही देवाची दया होय. चालकाचे पुण्य नव्हे. म्हणून कायद्याने अशा चालकाला वाटेतच अडवावे हे न्याय्य आहे, आणि ख्रिस्ती मनुष्याने त्याविषयी कुरकुर करण्याचे कारण नाही.

परंतु याच शास्त्राने दुसरीही गोष्ट तितक्याच कडकपणे सांगितली आहे. खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा वाटतो (नीतिसूत्रे ११:१), आणि एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कोणाचा दोष सिद्ध होत नाही. दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत झाली पाहिजे (अनुवाद १९:१५). आम्हांला वाटते की रक्ततपासणीचा सगळा नीतिविचार ह्या दोन वचनांत सामावतो. जो तराजू माणसाची अब्रू व स्वातंत्र्य जोखतो तो खरा असला पाहिजे, आणि तो एकटा असू नये.

प्रामाणिक प्रयोगशाळा प्रत्यक्षात ह्याच नियमाने चालते, हे वाचकांना ऐकून बरे वाटेल. प्रथम एक जलद चाचणी करतात. ती चाळणीसारखी असते; एका जातीची पुष्कळ द्रव्ये ती एकत्र पकडते, आणि म्हणून कधीकधी खोकल्याच्या किंवा सर्दीच्या साध्या औषधालाही नशेचे द्रव्य समजते. तेवढ्यावर निकाल द्यावयाचा नसतो. पुढे त्याच रक्ताचा दुसरा भाग घेऊन क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री ह्या पद्धतींनी प्रत्येक द्रव्य वेगळे काढून, त्याच्या वजनावरून त्याची ओळख पटवितात. दोन पद्धती, दोन साक्षीदार. त्यांच्या जोडीला रुग्णालयातील डॉक्टरांनी त्या वेळी पाहिलेली लक्षणे, हा तिसरा साक्षीदार. तिघांचे म्हणणे जुळले तर न्यायाधीशाने निःशंक मनाने निकाल द्यावा. इंग्लंडच्या कायद्यात आणखी एक सोय आहे. घेतलेल्या रक्ताचे दोन भाग करून, चालकाने मागितल्यास एक भाग त्याला देतात, म्हणजे तो स्वतंत्रपणे तपासून घेऊ शकतो. आरोपीच्या हातात तराजूचे दुसरे पारडे देण्याचा हा प्रकार आम्हांला फार न्यायाचा वाटतो.

तथापि तराजू कितीही चांगला असला तरी तो धरणारा हात मनुष्याचाच असतो. २०१७ साली इंग्लंडमध्ये उघडकीस आले की मँचेस्टर येथील एका खाजगी प्रयोगशाळेत काही कर्मचाऱ्यांनी तपासणीच्या यंत्रांच्या नोंदींत फेरफार केले असावेत. सुमारे दहा हजार प्रकरणे संशयाच्या छायेत आली, आणि त्यांतील बहुतेक रस्त्यावरील गुन्ह्यांची, विशेषतः अंमली पदार्थ घेऊन वाहन चालविल्याची होती. नमुने पुन्हा तपासावे लागले, कित्येकांच्या शिक्षा रद्द झाल्या. ज्यांचे परवाने गेले, नोकऱ्या गेल्या, घरात व शेजारात मान खाली घालावी लागली, त्यांचे ते दिवस कोणी परत दिले? आणि पुरावाच डागाळल्यामुळे जे खरोखर दोषी असून सुटले असतील, त्यांच्याविषयी काय म्हणावे? खोट्या साक्षीचे विष असे दोन्ही बाजूंना भिनते.

येथे आमच्या मनातील मुख्य मुद्दा आला. रक्त साक्ष देते असे आपण म्हणतो, पण रक्त स्वतः काही बोलत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम २० मध्ये, कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, अशा अर्थाचे अभिवचन आहे. १९६१ साली काठी कालू ओघड ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ठरविले की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. २०१० साली सेल्वी खटल्यात न्यायालयाने मनुष्याला गुंगीचे औषध टोचून त्याच्या मनातील गोष्ट संमतीवाचून काढून घेण्यास मनाई केली. परंतु रक्तासारखा शरीराचा पुरावा निराळ्या वर्गात ठेवला. यातील विचार खोल आहे. मनुष्याचे अंतःकरण बळजबरीने उघडण्याचा अधिकार राज्याला नाही. तो अधिकार देवाचा. राज्याला मिळते ती केवळ एक वस्तू, एक लहानशी नळी. त्या वस्तूच्या वतीने जो बोलतो तो मनुष्य असतो.

तेव्हा खरा साक्षीदार कोण? ज्या परिचारिकेने नळीवर नाव व वेळ लिहिली ती. ज्या डॉक्टरांनी रक्त घेतले व नळीत ते कुजू वा गोठू नये म्हणून सोडियम फ्लोराइड व पोटॅशियम ऑक्झलेट आहे की नाही ते पाहिले, दारूच्या तपासणीसाठी कातडी स्पिरिटने पुसू दिली नाही, आणि लाखेची मोहोर आपल्या डोळ्यांदेखत लाववली ते. ज्या शिपायाने तो डबा वाटेत न उघडता, उन्हात न ठेवता प्रयोगशाळेत पोहोचविला तो. ज्या रसायनतज्ज्ञाने यंत्राने जे दाखविले तेवढेच लिहिले, कमी नाही, जास्त नाही, तो. ह्या प्रत्येकावर नववी आज्ञा लागू आहे, मग तो न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभा राहो वा न राहो.

महाराष्ट्रातील एक घटना वाचकांना आठवत असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. दोघेही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यास आलेले होते. तो प्रश्न अंमली पदार्थांचा नसून दारूचा होता, पण आपल्या विषयाला तो लागू आहे. मोटार चालविणाऱ्या अल्पवयीन मुलाचे रक्त काढून टाकून त्याऐवजी दुसऱ्याचेच रक्त ठेवण्यात आले, असा आरोप पुढे पोलिसांनी ठेवला, आणि रुग्णालयातील डॉक्टरांनाही अटक झाली. दोष कोणाचा व किती हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आम्ही वाचकांचे लक्ष एवढ्याच गोष्टीकडे वेधतो की, हा संशय पक्का कसा झाला? त्याच दिवशी दुसऱ्या रुग्णालयात दुसरा नमुना घेण्यात आला होता, आणि दोन्ही नमुन्यांची डीएनए तपासणी केली तेव्हा ते एकाच मनुष्याचे नाहीत असे दिसून आले. दुसऱ्या साक्षीदाराने पहिल्याला उघडे पाडले. नियमशास्त्राचा तो जुना नियम आजच्या प्रयोगशाळेतही किती उपयोगाचा आहे पहा.

साक्षीदार दोन असले म्हणजे झाले असेही नाही. नाबोथाच्या द्राक्षमळ्यासाठी ईजबेलने दोन साक्षीदार उभे केले होतेच (१ राजे २१). संख्या नियमाप्रमाणे होती. साक्षीदार विकत घेतलेले होते. श्रीमंताच्या इच्छेपुढे, वडीलधाऱ्यांच्या एका फोनपुढे, पाकिटापुढे जेव्हा सरकारी शिक्का झुकतो, तेव्हा नाबोथाला पुन्हा दगडमार होतो. आमच्या मंडळ्यांतील कित्येक भगिनी परिचारिका आहेत, कित्येक बंधू प्रयोगशाळांतून व रुग्णालयांतून काम करतात. मिशन दवाखान्यांच्या काळापासून ही सेवा आमच्या समाजाचे भूषण आहे. त्यांना आम्ही प्रेमाने सांगतो: रात्रपाळीत, कोणी पाहत नसताना, एका लहानशा नळीवर खरी वेळ व खरे नाव लिहिणे ही तुमची साक्ष आहे. ती व्यासपीठावरील साक्षीपेक्षा कमी नाही.

आता ही तपासणी काय पाहू शकत नाही, त्याकडेही पाहिले पाहिजे. माळव्यात मंदसौर व नीमचकडे सरकारी परवान्याने अफूची शेती होते, आणि अफूच्या बोंडांचा चुरा, ज्याला तिकडे डोडाचुरा म्हणतात, तो लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांत चालतो हे इंदूरकडील वाचकांना सांगावयास नको. अशा एका चालकाच्या रक्तात मॉर्फिन सापडले, असे समजा. आकडा खरा, शिक्षाही योग्य. परंतु त्याला विश्रांतीवाचून सलग दोन रात्री गाडी हाकायला लावणारा मालक त्या रक्तात सापडतो काय? वेळेवर माल पोहोचला नाही तर मजुरी कापण्याची धमकी सापडते काय? कापून घेतलेली मजुरी स्वतःच ओरड करते, आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे याकोब सांगतो (याकोब ५:४). हाबेलाच्या रक्ताने जी वाट धरली तीच ही वाट. यंत्राला चालकाचे रक्त दिसते. देवाला मालकाचे हिशेबाचे पुस्तकही दिसते. म्हणून चालकाला शिक्षा झाली म्हणजे न्याय पूर्ण झाला, असे आपण मानू नये.

ही गोष्ट आपल्याही अंगणात येते. अधिवेशनाला किंवा शब्बाथशाळेच्या सहलीला मंडळी बस ठरविते. भाडे वाचावे म्हणून रात्री निघायचे, दिवसभर कार्यक्रम, आणि पुन्हा रात्री परत, चालक मात्र एकच. बेळगावहून घाट उतरून गोव्यात जावयाचे असो की ग्वाल्हेरहून दूरचा पल्ला असो, तो मनुष्य जागा राहण्यासाठी काय घेतो हे आपण कधी विचारतो काय? दुसऱ्या चालकाचे पैसे वाचवून आपण दानपेटीत टाकले तर ते दान देवाला कितपत आवडेल?

आणखी एक गोष्ट आपल्याला अधिक झोंबणारी आहे. आपल्या मंडळ्यांनी दारूविरुद्ध पुष्कळ उपदेश केला, आणि तो योग्यच होता. त्यामुळे आपल्यातील पुष्कळजण समजतात की आपण दारूला शिवत नाही, मग हा विषय आपल्यासाठी नाही. परंतु सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन असलेली गोळी, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, झोपेसाठी अल्प्राझोलाम, पाठदुखीसाठी ट्रामाडॉल, ही घेऊनही मनुष्य सुस्तावतो, आणि रस्ता धूसर होतो. होळीच्या दिवशी भांग घेणारा म्हणेल की १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली, नुसत्या पानांना त्या व्याख्येतून वगळले आहे. खरे आहे, पण त्याच्या रक्तात जाणारे द्रव्य तेच टीएचसी आहे, आणि रस्त्यावरच्या लेकराला ह्या कायदेशीर फरकाचा काय उपयोग? सर्व गोष्टींची मोकळीक असली तरी सर्व गोष्टी हिताच्या नसतात, असे पौल करिंथकरांस समजावितो (१ करिंथ १०:२३), आणि लगेच तो दुसऱ्याचे हित पाहावयास सांगतो.

औषध घेणे पाप नव्हे. इंग्लंडच्या कायद्यातही ज्याने डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे औषध घेतले, आणि ज्याचा वाहनावरील ताबा सुटलेला नव्हता, त्याला बचाव आहे. अपस्माराच्या किंवा मानसिक आजाराच्या रुग्णाने भीतीने औषध सोडावे असे तर आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु वेष्टनावर झोप येण्याची व वाहन न चालविण्याची सूचना असताना, किंवा डॉक्टरांनी तसे सांगितलेले असताना, जो किल्ली उचलतो, त्याला बैल मारका आहे हे अगोदर सांगितलेले आहे. त्या दिवशी त्याने बसने जावे, मुलाला चालवू द्यावे, नाहीतर घरी बसावे.

शेवटी मंडळीच्या जिभेविषयी दोन शब्द. एखाद्या तरुणाला पोलिसांनी पकडले, तपासणीला पाठविले, एवढी बातमी आली की उपासनेनंतर दारातच निकाल लागतो. प्रयोगशाळेचा अहवाल यावयास अवकाश असतो. आपला अहवाल तयार असतो. वर आपण पाहिले की पहिली चाचणी चुकू शकते, जुना अंश रक्तात राहू शकतो, नळ्या बदलू शकतात. जे न्यायाधीशाने एका साक्षीवर करू नये ते आपण शून्य साक्षीवर का करावे? आणि दोष खरा ठरला तरी पाळकांनी व वडिलांनी त्या घराची पायरी चढली पाहिजे. ज्याचा बळी गेला त्याच्या घराची पायरी तर त्याही अगोदर चढली पाहिजे. पुष्कळदा आपण आपल्या मुलाचे वकील होतो आणि परक्याच्या मृताला विसरतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. मोठ्या मुलांच्या वर्गात कठड्याचा व मारक्या बैलाचा पाठ एका रविवारी घ्यावा. मुलांना आपापल्या घरातील औषधांची वेष्टने वाचून त्यांवरील सूचना लिहून आणावयास सांगावे. मग त्यांना विचारावे: ही सूचना वाचल्यावर तुमच्या घरात कोण गाडी चालविणार नाही, आणि त्याला ते कोण सांगणार? मुले घरी जाऊन वडिलांना विचारतील. काही घरांत थोडी अडचण होईल, होऊ द्यावी.

वाचकहो, रक्ताची तपासणी हा न्यायाचा एक चांगला सेवक आहे. तो खरा ठेवणे हे डॉक्टर, पोलीस व रसायनतज्ज्ञ यांचे काम, आणि त्याच्याकडून त्याला ठाऊक आहे त्यापेक्षा अधिक वदवून न घेणे हे न्यायाधीशाचे व आपणां सर्वांचे काम आहे. परंतु सेवक येतो तो गुन्हा झाल्यावर. त्याच्या अगोदर, किल्ली हाती घेतानाच, देवाने आपल्या आत ठेवलेली सद्‌सद्विवेकबुद्धी विचारते की, आज तुझ्या हाती शेजाऱ्याचा जीव सोपवावा काय? तिला खरे उत्तर देण्याची कृपा प्रभु येशू आपणां प्रत्येकाला देवो.